नको म्हणणं इंदूताईंना जमलं नाही

इंदूताई कुणाला चहा विचारत नसत. माणूस उंबऱ्याशी चपला काढत असतानाच त्यांचा हात गॅसच्या बटणाकडे गेलेला असे.

"इचारायचं कशाला?" त्या म्हणत. "इचारलं की माणूस नकोच म्हनतो. आन् पहिल्यांदा नको म्हनतो ना मॅडम, ते आपल्याला म्हनतच न्हाई. ल्हानपनी आईनं शिकवलेलं असतं, लोकांच्या घरी लगीच व्हय म्हनू नको. ते तो आईला म्हनतो. त्याच्यात आपून कशाला पडायचं?"

मिरजगावहून आत सहा-सात किलोमीटर गेलं की आमचं गाव लागतं. मी तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, आणि शाळेला लागून असलेल्या खोलीत इंदूताईंची अंगणवाडी होती. मधली भिंत एकच. माझा पाढ्यांचा तास चालू असला की पलीकडून त्यांच्या पोरांचं बडबडगीत यायचं, आणि माझी निम्मी मुलं पाढे सोडून ते म्हणायला लागायची. पहिल्या महिन्यात मी तक्रार करायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, "व्हय व्हय, बरोबर हाय," म्हणाल्या, आणि हातात कप दिला. तक्रार कुठे गेली ते मला कळलं नाही.

बुटक्या, चटपटीत बाई. बाळांना तोलायचा काटा पिशवीसारखा खांद्याला अडकवून वस्त्यावस्त्यांवर फिरायच्या. कुंपणापासूनच हाक द्यायच्या, "हाय का कुनी घरात?" चहा बशीत ओतून तीन फुंकरी मारायच्या आणि चांगला आवाज करून ओढायच्या. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "आवाज झाला की करनारीला बरं वाटतं."

त्यांच्याबरोबरची पहिली फेरी माझ्या चांगली लक्षात आहे. शाळेत न येणाऱ्या मुलांची यादी करायची होती. एका घरी सात वर्षांची मुलगी होती आणि तिची आई आम्हाला धड उत्तर देत नव्हती. तिनं तांब्याभर पाणी आणलं. मी माझी बाटली दाखवून म्हणाले, "नको, माझ्याकडे आहे." तिनं चहाचं विचारलं. मी म्हणाले, "नको, आत्ताच झाला." खोटं नव्हतं ते. नगरला आमच्या घरी असंच बोलायची पद्धत होती, समोरच्याला त्रास द्यायचा नाही म्हणून. इंदूताईंनी मात्र पाणीही घेतलं आणि चहाही. मुलीचं नाव काही त्या बाईनं सांगितलं नाही.

बाहेर बांधावर आल्यावर इंदूताई थांबल्या.

"तुमच्या बाटलीतलं पानी तिनं बघितलं आन् तिच्या तांब्यातलं तुमी बघितलं. आता ती कशाला पोरगी देईल तुमच्या हातात?"

"ताई, मला खरंच तहान नव्हती."

"तहानेचा काय संबंध? उद्या एकट्या या आन् पानी मागा. तिनं द्यायची वाट बघू नका. मागा."

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले. दारात उभी राहून म्हणाले, "पाणी देता का जरा?" ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तांब्या घासून, भरून घेऊन आली. मी उभ्या-उभ्या सगळा प्यायले. "बसा की," ती म्हणाली. पुढच्या सोमवारी मुलगी शाळेत आली. केस चप्प तेल लावून बसवलेले, आईचा हात घट्ट धरून.

त्या दिवसापासून मी बाटली न्यायची बंद केली.

गावाच्या पूर्वेला ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती आहे, पंधरा-वीस घरांची. तिथे सखूआजी राहत. वय सत्तरीच्या पुढे, सडसडीत अंग, नजर तीक्ष्ण. मी इंदूताईंबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा आजींनी आम्हाला बघताच नातवाच्या बायकोला, सुनीताला, दुकानात पिटाळलं. ती थंडगार बाटल्या घेऊन आली. बुचं न उघडता आमच्यासमोर ठेवल्या, शेजारी ओपनर. मला वाटलं, केवढा हा पाहुणचार. इंदूताईंनी त्या दिवशी बाटली घेतली. परत येताना त्यांनी मला समजावलं. गावातली माणसं वस्तीवर यायची, मतं मागायची, फोटो काढायची, आणि चहाची वेळ आली की "आत्ताच झाला" म्हणून उठायची. केलेला चहा आजींनी अनेकदा मोरीत ओतला होता. मग त्यांनी चहा करणंच सोडलं. बाटलीचं बूच कारखान्यात बसवलेलं असतं, तिला कुणी नको म्हणत नाही.

"म्हातारीनं आपल्यासाठी वाट काढून ठेवलीय," इंदूताई म्हणाल्या. "आपल्याला लाजायची पाळी येऊ नये म्हनून."

पुढच्या खेपेला बाटल्या आल्या तेव्हा त्यांनी आपली बाटली हातानं बाजूला सारली.

"आजी, मला गार चालत न्हाई. घसा धरतो. चहा टाका."

आजी जागच्या हलल्या नाहीत. "दूध न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग कोरा करा. मला कोराच आवडतो. दुधानं पित्त होतं."

आजींनी पुन्हा एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग आत गेल्या. पाच मिनिटांनी कोरा चहा आला, गुळाचा, भरपूर आलं ठेचून घातलेला. इंदूताईंनी आवाज करत दोन बशा घेतल्या. मीही घेतला.

खरी गोष्ट ही की इंदूताईंना कोरा चहा अजिबात आवडत नसे. त्यांच्या घरी म्हशीच्या दुधाचा, साय तरंगणारा चहा व्हायचा. पण आजींनी ते मनावर घेतलं. पुढे घरात दूध येऊ लागलं, नातू मिरजगावला नोकरीला लागला, तरी इंदूताई आल्या की त्यांच्यासाठी वेगळा कोरा चहा व्हायचा. "ताईंना दुधाचं पित्त होतं," आजी सगळ्यांना बजावायच्या. आणि इंदूताई दहा-बारा वर्षं तो पीत राहिल्या. एकदा मी म्हणाले, "सांगून टाका की आता." तर म्हणाल्या, "आता कसं सांगू? म्हातारी माझ्यासाठी आलं राखून ठेवती."

स्वतःच्या घरी त्यांचा आणखी एक नेम होता. पाहुण्याबरोबर आपणही घ्यायचा. "पाहुन्याला एकट्याला प्यायला बसवायचं म्हंजे त्याची परीक्षा घेतल्यावानी होतं," असं त्यांचं म्हणणं. त्यांचे यजमान दत्तूभाऊ टेम्पो चालवायचे, नगरच्या बाजारात कांदा पोचवायचे. घरी असले की तेही एक कप धरून बसायचे. बोलायचे मात्र काही नाहीत.

मग त्यांचे पाय सुजायला लागले. आधी त्या म्हणाल्या, चालून. मग म्हणाल्या, वयानं. बीपीची गोळी त्या कित्येक वर्षं घेत होत्या, म्हणजे आठवण झाली की घेत होत्या. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला तपासणीला धाडणारी ही बाई स्वतः कधी दवाखान्याच्या रांगेत बसली नव्हती. शेवटी चेहराच सुजला, तेव्हा दत्तूभाऊंनी टेम्पोत घालून नगरला नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, मंगळवारी आणि शनिवारी. पहिल्यांदा मीही बरोबर गेले होते. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. दिवसाला पाऊण लिटर. त्यात पाणी आलं, चहा आला, ताक आलं, आमटीचं पाणीसुद्धा आलं. शहाळं बंद, केळी बंद, मोसंबी बंद.

इंदूताईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आन् कुनाच्या घरी गेलं तर?"

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. "कुणाच्याही घरी गेलात तरी तेवढंच," ते म्हणाले.

कर्जत तालुक्यातला उन्हाळा. सकाळी दहालाच जीभ टाळ्याला चिकटते. त्यात इंदूताई दिवसाचं पाणी मोजून काढत आणि त्यावर दिवस ढकलत. पण खरी अडचण तहानेची नव्हती. बाई आजारी आहे म्हटल्यावर गाव बघायला लोटलं. ज्यांच्या घरी त्यांनी बारा-पंधरा वर्षं चहा घेतला होता ती सगळी माणसं. आणि येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन. खाटेखाली शहाळ्यांचा ढीग झाला.

"अवो, शाळ्यानं काय होतंय? देवाचं पानी ते," एक बाई शहाळं फोडूनच पुढे करायच्या.

"डॉक्टरनं नको म्हटलंय," मी म्हणायचे.

"डॉक्टरला काय कळतंय? पान्यानं कुनी मेलंय का आजवर?"

इंदूताई माझ्याकडे बघायच्या, त्या बाईकडे बघायच्या, आणि शहाळं हातात घ्यायच्या. दोन घोट प्यायच्या. बाई खुश होऊन गेल्या की उरलेलं माझ्याकडे द्यायच्या. मी ते मोरीत ओतायचे. पण दिवसाला अशा सात बाया आल्या की दोन-दोन घोटांचे किती होतात, ते वेगळं सांगायला नको.

चहाचंही तेच. पाहुण्यांना चहा हवाच आणि आपण बरोबर घ्यायलाच हवा. मग त्यांनी एक युक्ती काढली. आपल्यासाठी रिकामा कप घ्यायच्या, ओठाला लावायच्या, खाली ठेवायच्या, पुन्हा लावायच्या. ते मी कितीदा पाहिलं. फुंकरसुद्धा मारायच्या त्या रिकाम्या कपावर. मला तिथे बसवत नसे.

एके दिवशी मी घरून कार्डशीट नेलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पेशंटला पाणी, चहा, शहाळे देऊ नये,' आणि दाराला चिकटवलं. संध्याकाळी गेले तर कागद घडी करून कपाटावर ठेवलेला.

"ताई, हे काय?"

"दारावर नको लिव्हलेलं घर कधी पाहिलंय का तुमी?" त्या चिडल्या होत्या. "मानसं बाहेरच्या बाहेर परत जातील. मी काय त्यासाठी जगते का?"

मी दत्तूभाऊंकडे बघितलं. ते बाजेवर बसून पायाच्या नखाकडे बघत होते.

दोन महिन्यांनी त्या कामावर परत आल्या. डायलिसिस नसलेल्या दिवशी अंगणवाडी, जमेल तशा वस्त्यांच्या फेऱ्या. पण आता त्या घरात शिरत नसत. कुंपणावरूनच बोलायच्या, बाळाला बाहेर आणायला सांगायच्या, काट्यात तोलायच्या आणि निघायच्या. मला वाटलं, चला, मार्ग सापडला. महिन्याभरातच शाळेत एक पालक मला म्हणाल्या, "ताईला आता आमचा चहा चालत न्हाई वाटतं. नगरला जाऊन मोठ्या झाल्या." मी आजार समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

आणि मग तो रविवार. ओढ्यापलीकडे सुनीताचं धाकटं बाळ सहा महिन्यांचं झालं होतं आणि वजनात कमी भरत होतं. सोबत म्हणून मी गेले. सखूआजी दारातच होत्या.

"या ताई. लई दिसांनी," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

"आजी, आज नको," इंदूताई म्हणाल्या. "मला बंदी हाय."

आजी थांबल्या. वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बरं."

आम्ही बाळाचं वजन करत होतो. सुनीता कधी बाहेर गेली ते मला कळलंही नाही. काटा उतरवून मी वळले तर समोर दोन थंड बाटल्या. बुचं न उघडलेल्या, शेजारी ओपनर.

इंदूताईंनी त्या बाटल्या पाहिल्या. त्यांचा चेहरा मी तोवर तसा कधीच पाहिला नव्हता, आजार सांगितला त्या दिवशीही नाही. त्या खाली बसल्या, भिंतीला टेकून.

"आजी," त्या म्हणाल्या, "चहा टाका."

"न्हाई, राहू द्या. तुमाला चालत नसंल—"

"टाका म्हनते ना. कोरा."

मी हळूच म्हणाले, "ताई, आजचं पाणी झालंय तुमचं. मंगळवार अजून लांब आहे."

त्यांनी माझ्याकडे फक्त बघितलं. शाळेतल्या मुलांना मी ज्या नजरेनं गप्प करते, तशी नजर. मी काय करायला हवं होतं? उठून कप हिसकावून घ्यायला हवा होता? आजींसमोर?

चहा आला. इंदूताईंनी बशीत ओतला, फुंकर मारली, आवाज केला. आजींच्या खांद्यातला ताठरपणा गेला तो मला दिसला. "अजून अर्धा घ्या वो," त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता ओतला. इंदूताईंनी तोही घेतला.

एका दिवसाच्या चहानं कुणाला काही होत नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण परतीच्या वाटेवर इंदूताई तीन घरांत शिरल्या. कुंपणावरून हाक न मारता, सरळ आत. त्या रविवारी आणि सोमवारी त्या आठ-दहा घरांत गेल्या असतील. सोमवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीतून पोरांचा आवाज यायचा थांबला म्हणून मी डोकावले. त्या खुर्चीत पुढे वाकून बसल्या होत्या आणि त्यांना श्वास घेता येत नव्हता. छातीत पाणी भरलं होतं.

त्या खेपेला त्या वाचल्या. आठ दिवसांनी घरी आल्या, निम्म्या झालेल्या.

मी मध्यंतरी वस्तीवर गेले होते. आजींनी विचारलं, "ताई का येत न्हाई?" आणि मी सांगून टाकलं. रागावूनच सांगितलं, असं आता वाटतं. त्यांना पाणीसुद्धा मोजून असतं, चहा त्यांना विष आहे, तरी त्या दिवशी तुमच्यासाठी घेतला. आजींनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. ते मी सांगायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

चार दिवसांनी सखूआजी इंदूताईंच्या घरी आल्या. मी तिथेच होते. इतक्या वर्षांत त्या गावातल्या त्या गल्लीत कधी आल्या नव्हत्या, आणि इंदूताईंनीही कधी बोलावलं नव्हतं, हे त्या दिवशी मला एकदम जाणवलं. इंदूताईंनाही जाणवलं असावं. उशी पाठीशी घेऊन त्या धडपडत उठून बसल्या.

"आजी, वर बसा, वर. खुर्चीवर." मग आत हाक मारली, "अवो, चहा टाका. आजीला दुधाचा."

दत्तूभाऊ उठले.

"नको," आजी म्हणाल्या.

"असं कसं? पहिल्यांदा आलाय."

"नको ताई."

"अर्धा तरी घ्या. माझ्यासाठी."

"तुमी पेनार न्हाई," आजी शांतपणे म्हणाल्या, "मी कशी पिऊ?"

दत्तूभाऊ स्वयंपाकघराच्या दारात पातेलं धरून उभे. आयुष्यभर लोकांचं नको ऐकून न ऐकल्यासारखं करणारी ही बाई. इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते?

दोघी तासभर बसल्या. बाळाचं वजन वाढलं, आजींनी सांगितलं. पाऊस नाही, इंदूताईंनी सांगितलं. मग बोलणं संपलं तरी आजी उठल्या नाहीत. इंदूताईंच्या घरात काही न घेता बसलेला पाहुणा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. जाताना आजींनी त्यांच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि गेल्या.

दिवाळीच्या आधी पुन्हा श्वास अडकला. या खेपेला त्या परत आल्या नाहीत. हृदय मोठं झालं होतं, डायलिसिस सोसत नव्हतं. अतिदक्षता विभागात ठेवलं होतं आणि आत कुणाला सोडत नव्हते. मी शाळेतून रजा टाकून सकाळच्या एसटीनं गेले. दत्तूभाऊ बाकावर बसलेले, त्यांनी जरा सरकून मला जागा दिली. पण मी बसले नाही, काचेपाशी उभी राहिले.

आत त्या तिसऱ्या खाटेवर होत्या. नाकावर मास्क, हाताला नळ्या. डोळे मिटलेले. मी बराच वेळ उभी होते. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवली. मला ओळखलं. हात वर उचलायला त्यांना वेळ लागला. बोटं जुळवून त्यांनी तोंडाजवळ नेली, आणि भुवया उंचावल्या. जेवलात का?

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी मान हलवली, हो.

त्यांनी डोकं उशीवर इकडून तिकडे हलवलं. मग नळ्या लावलेला तोच हात खाटेच्या कडेवरून बाहेर काढून बोट खाली दाखवलं, तळमजल्याकडे. तिथे कॅन्टीन होतं. मी तशीच उभी राहिले. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, या वेळी जरा रागानं.

मी गेले. एक वडापाव घेतला आणि जिन्यात उभी राहून खाल्ला, घाईघाईनं. वर आले तेव्हा दत्तूभाऊ बाकावर नव्हते, आणि काचेला आतून पडदा ओढलेला होता.